पायाळूची उजवी टाच

माझा सगळा संसार खाजेवर उभा राहिला, हे आधीच सांगून टाकते. नगरला दिल्ली दरवाज्यापाशी माझा दवाखाना होता. पाटीवर ‘त्वचारोगतज्ज्ञ’ असं लिहिलं होतं, पण त्या शब्दाशी झटापट करत बसण्यापेक्षा लोकांनी मला सरळ ‘चामडीवाल्या म्याडम’ करून टाकलं. पावसाळ्यात नायटा, उन्हाळ्यात घामोळं, लग्नसराईत मुरुमं आणि बारा महिने खरूज. नातेवाइकांनी चौकशी केली की आमचे हे सांगायचे, “हिचं उत्तम चाललंय, सगळा जिल्हा खाजवतोय.” आता नगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. खाज आहे तिथेच आहे.

दवाखाना बंद करून घरी बसले, तर या अंकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांना माझ्या व्यवसायातले ‘थरारक प्रसंग’ हवे होते. मी म्हटलं, त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे कुणी धावतपळत येत नाही. माणूस महिनाभर खाजवतो, शेजारणीचं मलम लावून बघतो, मग सवडीने येतो. आमचा पेशंट मरतही नाही आणि पुरता बराही होत नाही, असा टोमणा बाकीचे डॉक्टर आम्हाला मारतात, आणि तो बराचसा खरा आहे.

बराचसा म्हणते, कारण आमच्या खात्यातही एक रोग असा आहे की ज्याने माणूस जातो. त्याचं नाव मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांना तो उन्हाने पाठीवर, पायावर होतो. आपल्याकडे मुळात कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा अशा जागी होतो जिथे ऊन कधी पोचत नाही: तळपाय, तळहात, नखाखाली. येतो तो काळ्या तिळाचं सोंग घेऊन. आता तुम्हीच सांगा, स्वतःचा तळपाय शेवटचा कधी बघितला होतात? तोंड आपण दिवसातून दहा वेळा आरशात बघतो. पायाखालचं बघायला काटाच मोडावा लागतो.

या रोगाची एकच गोष्ट सांगते. सुरुवात एका चपलेपासून होते.

तिसगावचे एक शिक्षक बायकोला घेऊन दवाखान्यात आले. दोघांचे चेहरे असे की दशक्रियाविधीहूनच आलेत. सरांनी मोबाईलवर मेलॅनोमाबद्दल सगळं वाचलं होतं आणि त्यांचे तळपाय काळे पडले होते. मी बघितलं. दोन्ही पाय सारखेच काळे, एकाच मापाचे, आणि काळेपणाला अंगठ्यापाशी व्यवस्थित गोलाई. मी विचारलं, “सर, चपला नवीन घेतल्यात का?” घेतल्या होत्या, काळ्या चामड्याच्या, बाजारातून. मी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि तळपायावरून फिरवलं. कॅन्सर बोळ्यावर आला.

सरांनी तो बोळा बराच वेळ न्याहाळला आणि घरी नेऊ का म्हणून विचारलं. पुढे तिसगावच्या बाजारात त्यांनी ही हकीकत सांगितली, पण सांगताना चपला तेवढ्या गाळल्या. झालं. ‘नगरच्या म्याडम कापसानं क्यान्सर पुसत्यात’ अशी बातमी पाथर्डी तालुक्यात पसरली. लोक चामखीळ, लास, तीळ, जे काही काळं असेल ते पुसून घ्यायला यायला लागले. एका आजींनी दंडावर गोंदलेलं नवऱ्याचं नाव पुढे केलं. म्हणाल्या, “म्हातारा हुता तवर ठिवलं. आता पुसा.”

दाराशी बसणाऱ्या आमच्या शकुंतलाबाई या गर्दीवर वैतागल्या होत्या. त्या मुळातच वैतागलेल्या असत, पण त्या दिवसांत त्यांना कारण मिळालं होतं. एका सकाळी मात्र त्या स्वतः लगबगीने आत आल्या, पदर सावरत, आणि हळूच म्हणाल्या, “म्याडम, पायाळू आलेत.”

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. डॉक्टरी भाषेत ती अडलेल्या बाळंतपणाची केस असते, आपल्या लोकांच्या लेखी तो देवाचा माणूस असतो. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं. कुणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना कळ येऊन माणूस जागच्या जागी अडकला, की पायाळूने पाठीला पाय लावायचा. उसण जाते. तिसगावच्या पलीकडच्या कोरड्या माळावर किसनराव पायाळूंचं नाव मोठं होतं. ते पाणाडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारे; बोअर कुठे घ्यायची हे अनवाणी चालून सांगत. चालता चालता टाचेला मुंग्या आल्या की तिथे नारळ ठेवायचा.

मी दार उघडून बघते तर किसनराव अजून बाहेरच होते. माझा एक पेशंट, गजकर्णाचा, बाकावर पालथा पडला होता आणि किसनराव त्याच्या कमरेवर टाच टेकवून उभे होते. बाकीचे हात जोडून. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच पेशंटला, दुसऱ्याच्या पायाने बरं वाटत होतं.

“आत या,” मी जरा कडकच म्हटलं.

किसनराव साठीच्या अलीकडचे, उंच, मिशा पिळदार. मागे त्यांच्या बायको मथुराबाई, हातात त्यांच्या चपला. किसनराव टेबलावर चढून बसले आणि उजवा पाय माझ्यासमोर धरला. “पुसा,” म्हणाले.

टाचेवर मोठा काळा डाग होता. मी स्पिरिट लावलं, पुसलं. बोळा पांढराच राहिला. पुन्हा पुसलं. किसनराव माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की यांचं स्पिरिटच पातळ दिसतंय.

“न्हाई निघत व्हय?”

“कधीपासून आहे हा?”

“बारीक तीळ हुता, लई वर्सं. मंग येकेका बोरला पानी लागत गेलं तसा वाढत गेला. गुन वाढतोय म्याडम. मला तर त्यो पुसायचाच न्हाई. ही मागं लागली म्हनून आलो.”

“आन मधे भेग पडून वलं यायलंय, ते सांगा की,” मथुराबाई मागून म्हणाल्या.

“पाझर फुटलाय,” किसनराव अभिमानाने म्हणाले.

“मी म्हनलं कुरूप आसंल. बिब्बा लावला, रुईचा चीक लावला. हे म्हनत्यात कुरूप न्हाई, भाग्य हाय.”

डागाच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. रंगही एक नव्हता, कुठे काळा, कुठे करडा, कुठे निळसर. मी दिव्याचं भिंग काढलं. हे भिंग म्हणजे आमचं एकमेव खरं हत्यार. तळपायाच्या कातडीला रेघा असतात, नांगरलेल्या रानासारख्या, एक सरी, एक वरंबा. साधा तीळ असला तर त्याचा रंग बहुतेक सरीत साठतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर चढतो. मी डोळा भिंगाला लावून टाचेवर वाकले. वरंबे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळे होते.

आणखी नीट बघावं म्हणून अजून जरा वाकले, तर कमरेत सण्णकन कळ गेली. उसण भरली. मला सरळही होता येईना आणि खालीही बसता येईना. टेबलाची कड धरून मी किसनरावांच्या पायांशी वाकलेली, नवस बोलायला आल्यासारखी.

“काय झालं म्याडम?”

“उसण,” मी दात आवळून म्हटलं.

किसनरावांचा चेहरा उजळला. आत्तापर्यंत ते पेशंट होते, आता मी होते. ते टेबलावरून खाली उतरले. “हलू नगा.”

त्यांचा उजवा पाय हवेत उचललेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला आणि मी ओरडले, “तो नको! तो पाय अजिबात नको!”

त्याच क्षणी शकुंतलाबाई दार उघडून आत आल्या. त्यांना काय दिसलं असेल याचा मी आजही विचार करत नाही. डॉक्टरीण ओणवी, पेशंटने लाथ उगारलेली. “अगं बाई,” म्हणून त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं. इकडे माझ्या कमरेला एक टाच लागली, मी दचकले, आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी ताडकन सरळ उभी राहिले.

दचकल्याने आवळलेला स्नायू सैल पडतो, असं त्याचं कारण असावं. असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना ते सांगायला गेले असते तर कुणी ऐकून घेतलं नसतं.

पण पंचाईत पुढेच होती. मी किसनरावांना खुर्चीवर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं की हा बहुतेक कॅन्सर आहे, तुकडा काढून तपासावा लागेल, आणि खरा निघाला तर टाचेचा एवढा भाग कापून काढावा लागेल. किसनरावांनी मिशीवर हात फिरवला. “म्याडम, ज्या पायानं आत्ता तुमाला उभं क्येलं, त्योच पाय कापाया सांगता व्हय?”

एवढी शिकलेली बाई, आणि माझ्याच कमरेने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. हा माणूस आता उठून जाणार, टाच तशीच राहणार, आणि ती टाच त्याला घेऊन जाणार, हे मला भिंगाशिवाय दिसत होतं.

“पण म्याडमला डावा लावला की,” मथुराबाई म्हणाल्या.

“काय?”

“म्याडम बोंबलल्या, आन तुमी भिऊन डावा लावला. मी हितंच हुते.”

किसनरावांनी आपल्या दोन्ही पायांकडे आळीपाळीने बघितलं. आयुष्यभर त्यांनी पाठीला उजवाच लावला होता. मुंग्या यायच्या त्याही उजव्याच टाचेला. डाव्या पायाकडे ते असे बघत होते, जसा घरातला धाकटा भाऊ अचानक कर्ता निघावा.

मला वाट सापडली. “किसनराव, जन्मताना तुमचा आधी कुठला पाय बाहेर आला?”

“आता ते कोन सांगनार? आई न्हाई, सुईन न्हाई.”

“आत्याबाई सांगायच्या ना,” मथुराबाई सासूच्या आठवणीने म्हणाल्या, “दोनी पाय जोडून आलं, उडी मारल्यावानी.”

“मग झालं तर,” मी म्हटलं. “दोन्ही पाय एकदम आले, म्हणजे गुण दोघांत सारखा. उजव्याची टाच गेली तरी डावा आहे.”

विज्ञानाची पदवी भिंतीवर टांगलेली असताना मी त्या दिवशी पायाळूच्या गुणाचा सातबारा दोन्ही पायांच्या नावावर करून दिला. आमच्या प्राध्यापकांनी ऐकलं असतं तर पदवी काढून घेतली असती. पण किसनराव बसले. उठून गेले नाहीत. मग त्यांनी पहिल्यांदा माणसासारखं विचारलं, “म्हंजे मी मरतो का वाचतो?”

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि लोकांना वाटतं की डाग किती मोठा यावर ते ठरतं. तसं नसतं. मी म्हटलं, “तुम्ही बोअरची माणसं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. डाग रुंद किती ते नंतर, आधी खोल किती ते बघायचं. वरवर असेल तर कापला की संपला. जसजसा खाली जातो तसं त्याला रक्ताचं पाणी लागतं. एकदा पाणी लागलं की त्यातून तो वाहायला लागतो. आधी जांघेतल्या गाठीत, मग फुप्फुसात, लिव्हरमध्ये, कुठेही. शिवाय वर भेग पडून ओल आली असेल तर तो जोरात आहे असं समजायचं. जांघेतल्या गाठीत गेला नसेल तर आशा चांगली. गेला असेल तर कमी. त्याहून लांब गेला असेल तर फारच कमी, आताशा नवी औषधं निघाली आहेत तरी. बाकी माणसाचं वय, तब्येत, या गोष्टीही असतात. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही किती लवकर आलात.”

किसनराव ऐकत होते. माझं एवढं लक्षपूर्वक ऐकणारा पेशंट मला आधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही.

“म्हंजे पानी लागायच्या आत मशीन थांबवायची,” ते म्हणाले.

“तेच.”

“जल्मात पैल्यांदा पानी लागू न्हाई म्हनून नारळ फोडाया लागनार,” किसनराव म्हणाले आणि पाय पुढे केला.

तुकड्याचा रिपोर्ट आला. मेलॅनोमाच होता. खोली बाजरीच्या दाण्याएवढी. ऐकायला एवढीशी वाटते, पण या रोगात बाजरीचा दाणा म्हणजे विहीर. वर भेग होतीच. राहता राहिली जांघेतली गाठ. तिच्यावर सगळं होतं.

या गाठीला आपल्याकडे अवधान म्हणतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं. अवधान म्हणजे लक्षसुद्धा. आपल्या भाषेने या गाठीला हे नाव का दिलं मला ठाऊक नाही, पण त्याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं. पायाकडे तुम्ही लक्ष दिलं नाही, तर मग ही गाठ तुम्हाला लक्ष द्यायला लावते.

मला तेव्हा सारखी एक बाई आठवत होती. किसनरावांच्या बऱ्याच आधीची. श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला आलेली, पदरात दोन मुलं. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मोळी पडली असेल, असं तिला वाटलं, आणि तसं वाटण्यात तिची काहीच चूक नव्हती. दाखवावं असंही वाटलं होतं, पण कोयता सोडून कसं यायचं? पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जाऊ. पट्टा पडल्यावर ती आली तेव्हा जांघेत लिंबाएवढं अवधान होतं. पुढच्या हंगामाला तिच्या टोळीत दुसरी बाई होती. किती खोल, किती पसरला, हे सगळे घटक पुस्तकात लिहिलेले असतात. हंगाम कधी संपतो हा घटक पुस्तकात नसतो. तिची आठवण आली की मला आजही रडू येतं, आणि या प्रसंगाला कसली गंमत जोडून लिहावी ते मला येत नाही, म्हणून पुढे जाते.

किसनरावांना पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथले सर्जन माझ्या ओळखीचे. टाचेचा भाग भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढायचा, तिथे मांडीची कातडी लावायची, आणि त्याच वेळी जांघेतली गाठ तपासायची. ती कशी? डागाजवळ निळा रंग टोचायचा. तो रंग कातडीखालच्या वाटांनी वाहत जाऊन ज्या गाठीत आधी पोचतो, ती पहिली गाठ काढून तपासायची. तिच्यात रोग नसेल तर पुढेही बहुतेक नसतो.

हे सर्जननी समजावलं तेव्हा किसनराव खाटेवर उठून बसले. “म्हंजे खालनं पानी कुठनं कुठं जातं ते रंग सोडून बघनार? तुमीबी पानाडेच की वो!”

सर्जननी मला फोन करून विचारलं की पाणाडे म्हणजे काय आणि ही शिवी आहे का.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मात्र वॉर्डात गोंधळ उडाला, कारण टोचलेला रंग लघवीवाटे बाहेर पडतो, आणि किसनरावांना हिरवी लघवी झाली. त्यांनी आयुष्यात अनेक प्रकारचं पाणी पाहिलं होतं, हिरवं पाहिलं नव्हतं. भांडं घेऊन ते वॉर्डभर दाखवत फिरणार होते, पण टाच बांधलेली होती, म्हणून मथुराबाईंना फिरायला लावलं. मथुराबाईंनी ते न्हाणीघरात ओतलं आणि सगळ्यांनी बघितलं म्हणून सांगितलं. पुढे तिथल्या परिचारिकांना किसनराव कोण ते कळलं. दिवसभर ओणवं राहून त्यांच्या कमरा गेलेल्या. सर्जनना राउंडला जावं तर किसनराव खाटेच्या कडेला, डावा पाय लांब केलेला, आणि समोर मोठ्या सिस्टर पाठ करून उभ्या.

गाठीचा निकाल यायच्या दिवशी मथुराबाईंचा मला फोन आला. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, मोठ्याने बोलायच्या. “बाई, गाठीत न्हाई म्हनत्यात! न्हाई म्हंजे चांगलं ना?” मी म्हटलं, चांगलं, फार चांगलं. मग त्या फोन चालू ठेवून नुसत्या रडत होत्या आणि मी नायट्याचा पेशंट समोर ठेवून ऐकत होते.

‘बरे झालात’ असं मी किसनरावांना सांगितलं नाही. या रोगात तसं सांगता येत नाही. डाग खोल होता, भेग होती, तो परत येऊ शकतो. म्हणून दर काही महिन्यांनी किसनराव येत राहिले. मी जांघ चाचपायची, टाच बघायची, सगळं अंग बघायची. आणि ते रिकाम्या हाताने येत नसत, माणसं घेऊन येत. त्यांनी आता नवीनच शिस्त काढली होती. कमर धरून कुणी दारात आला की म्हणायचे, “आधी तळवा दाव. मंग पाय लावतो.” तळव्यावर काही काळं दिसलं की त्याला घेऊन नगरची एसटी. निम्म्याहून जास्त वेळा तो चिखल असायचा, नाहीतर मोडलेला काटा, नाहीतर पुन्हा चप्पल. शकुंतलाबाईंनी स्पिरिटची बाटली दाराशीच ठेवली. कॅन्सर त्या बाहेरच पुसायच्या आणि लोकांना घरी पाठवायच्या.

पण एकदा हिवरे बाजारकडचा एक दूधवाला आला. दुधाचा कॅन उचलताना उसण भरली म्हणून किसनरावांकडे गेला होता. तळव्यावर तिळाएवढा ठिपका. बोळा पांढराच राहिला. भिंगात वरंबे काळे होते. काढून तपासला तर अगदी वरवरचा निघाला, अजून पाण्याच्या कितीतरी वर. जखम भरताच तो पुन्हा दूध घालायला लागला. आपल्याला काय होऊ शकलं असतं हे त्याला आजही नीट समजलेलं नाही, आणि मला त्यातच समाधान आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ऑपरेशननंतर किसनरावांनी उजवा पाय कधी कुणाच्या पाठीला लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, “टाच कच्ची हाय आजून.” टाच कधीच पक्की झाली होती. त्या पायाने ते बाजार फिरत होते. पण पायरी चढताना, उतरताना, उंबरा ओलांडताना आधी डावा पाय टाकायचे. उजवा मागून यायचा, कोर्टात तारखेला आल्यासारखा. एकदा ते बाहेर गेल्यावर मथुराबाई मला म्हणाल्या, “भेत्यात बाई ते. लावून बघितला आन गुन नसला तर? त्यापरीस न लावल्याला बरा.”

माझ्या दवाखान्याच्या शेवटच्या आठवड्यात दोघं आले. मी चाचपलं. अवधान नव्हतं. टाचेवरची मांडीची कातडी जराशी फिकी, पण स्वच्छ. मी मथुराबाईंना हात धरून जांघ कशी चाचपायची ते दाखवलं, कारण पुढे मी नसणार. त्या लाजून भिंतीकडे बघत चाचपत होत्या. मग किसनरावांना म्हटलं, “तुम्ही गावाचे तळवे बघता, यांचे बघितलेत का कधी?” ते दचकले. बायकोच्या पायाला नवऱ्याने हात लावायचा? मथुराबाई तर उठून चालायलाच लागल्या. शेवटी शकुंतलाबाईंनी दार लावून घेतलं, आणि किसनरावांनी बायकोचा पाय मांडीवर घेऊन माझ्या भिंगातून बघितला. “सगळं सरीतच हाय,” म्हणाले, आणि पाय लगेच सोडला नाही.

मी खाली पडलेला कापूस उचलायला वाकले आणि कमरेत तीच कळ आली. वय झालंय, दुसरं काय. टेबलाची कड धरून मी तशीच राहिले.

“उसण?” किसनराव उठले. डावा पाय उचलायला लागले.

“उजवा लावा,” मी म्हटलं.

मथुराबाईंचा हात तोंडावर गेला. किसनराव म्हणाले, “म्याडम, त्यो... त्याच्यात आता मांडीची कातडी हाय.”

“असू दे. तुमचीच आहे ना? लावा.”

बराच वेळ काही झालं नाही. मग कमरेला टाच लागली, अगदी हलकी, घाबरत घाबरत. कोमट होती. कमरेतली कळ जिथे होती तिथेच राहिली, तसूभर हलली नाही.

“ग्येली?” मागून आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी ऐकला नव्हता.

आयुष्यभर मी पेशंटला खरं तेच सांगत आले. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी मी कंबर सरळ केली आणि मागे वळून हसले.

“गेली,” म्हटलं.

दोघांना निरोप द्यायला मी दारापर्यंत ताठ चालत गेले. किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला, मथुराबाईंच्या हातातल्या चपला घेऊन स्वतःच पायात घातल्या, आणि पायऱ्या उतरताना उजवा पाय आधी टाकला. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते. मग शकुंतलाबाईंना हाक मारली आणि म्हटलं, “आता मला धरा.”